दिव्यांग व्यक्तींचे मदतनीस व्हायचंय? पुण्यात सुरुवात कशी करायची

मला महिन्यातून दोन-तीन तरी फोन येतात. निम्मे "ताई, मला समाजसेवा करायची आहे" असे, आणि निम्मे "ताई, बारावी झालीय, कुठे चिकटता येतंय का बघा" असे. पहिल्यांना पगार विचारायची लाज वाटते, दुसऱ्यांना पगाराशिवाय काही विचारायचं सुचत नाही. दोघांनाही तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून आता एकदाच नीट लिहून ठेवते.

मी अकरा वर्षांपूर्वी बार्शीहून पुण्यात आले. पहिली ड्यूटी कोथरूडला, अपघातात मणक्याला मार बसलेल्या एका मुलाकडे. वय एकोणतीस. खांदे चांगले होते, बोटं वळत नव्हती. मी त्याला दीड महिना घास भरवत होते आणि स्वतःवर खूष होते. मग एक दिवस ऑक्युपेशनल थेरपिस्ट आल्या, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणाऱ्या. त्यांनी त्याच्या तळहाताभोवती वेल्क्रोचा पट्टा बांधला, त्यात चमचा खोचला आणि मला म्हणाल्या, "आता तुम्ही बाहेर जाऊन बसा." अर्धा आमटीभात शर्टावर सांडला, चाळीस मिनिटं लागली, पण तो आपल्या हातानं जेवला. संध्याकाळी त्याच्या आईनं मला कामचुकार ठरवलं.

एरवी हात आखडता घेणं म्हणजे कंजूषपणा. या कामात निम्मं कौशल्य त्यातच आहे, आणि ते शिकवावं लागतं, आपोआप येत नाही. खाली जे लिहिलंय ते तेवढ्यासाठी.

शब्दाबद्दलही आधीच सांगते. कायद्यात आणि सरकारी कागदांवर "दिव्यांग" आहे, म्हणून मीही तोच वापरते. पण माझ्या ओळखीचे एक काका म्हणतात, "दिव्य वगैरे काही नाही, मला पाय नाही." ज्याच्याकडे काम कराल त्याला स्वतःला काय म्हणवून घ्यायला आवडतं ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर असतं, "माझं नाव आहे ना, त्यानं हाक मारा."

१. आधी नेमकं कोणतं काम करायचंय ते ठरवा

"दिव्यांगांसाठी काम" हे फार मोठं गाठोडं आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत. त्यात अंधत्व, कर्णबधिरता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं), स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, बौद्धिक अक्षमता तर आहेतच, पण थॅलसेमिया, सिकलसेल आणि पार्किन्सनही आहेत. सगळ्यांना पुरेल असा मदतनीस कुणी नसतो.

पुण्यात साधारण एवढ्या वाटा दिसतात. घरी जाऊन काम करणारे मदतनीस, म्हणजे बोलीभाषेत केअरटेकर. विशेष शाळा आणि प्रौढांच्या कार्यशाळांमधले काळजीवाहक, ज्यांना मुलं ताई, मावशी, दादा म्हणतात. निवासी संस्थांमध्ये राहून काम करणारे. नेहमीच्या शाळेत एका मुलाशेजारी बसणारे शॅडो टीचर. पदविका किंवा बी.एड. केलेले विशेष शिक्षक. खुणांच्या भाषेचे दुभाषे. आणि फिजिओ, ऑक्युपेशनल, स्पीच थेरपिस्ट, ज्यांचं शिक्षण काही वर्षांचं असतं.

पहिल्या तीन वाटांना दहावी-बारावीवर सुरुवात करता येते. मीही तिथूनच आले आणि नंतर पदविका केली. उलटंही चालतं, पण ज्यांनी आधी अंघोळ घालायला आणि डायपर बदलायला शिकून घेतलंय, ते पुढे शिक्षक म्हणून उजवे ठरतात, हे माझं ठाम मत आहे.

२. नोकरी शोधण्याआधी पंधरा दिवस बघून या

यूट्यूब बघून नाही, प्रत्यक्ष. पुणं या बाबतीत श्रीमंत आहे. गोखलेनगरला बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी कामायनी आहे, गणेशखिंड रस्त्यावर बालकल्याण संस्था आहे, कोरेगाव पार्कला अंध मुलांची शाळा, वानवडीला अपंग कल्याणकारी संस्था. प्रौढांसाठी मारुंजीला नवक्षितिज आणि मुळशीत कोळवणच्या खोऱ्यात साधना व्हिलेज. खडकीला मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचं पॅराप्लेजिक केंद्र १९७४ पासून आहे. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र तर १९४४ चं. लष्करामुळे या शहराला व्हीलचेअरची ओळख जरा लवकर झाली. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात देशाचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक घेऊन आले, तेही सैनिकच. "बिचारा" हा शब्द तोंडावर आला की मी नव्या मुलांना त्यांच्याबद्दल वाचायला सांगते.

कुठेही थेट दारात जाऊन उभं राहू नका. आधी फोन करा, "मला या क्षेत्रात काम करायचंय, काही दिवस निरीक्षण करू शकते का" असं विचारा. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. रोज नवे चेहरे आले की स्वमग्न मुलांचा अख्खा दिवस विस्कटतो, म्हणून संस्था जपून असतात. परवानगी मिळाली तर वाढदिवसाचा केक घेऊन जाऊ नका. सकाळी शाळेची व्हॅन येते तेव्हापासून थांबा, मुलांना उतरवताना बघा, जेवणाची सुट्टी बघा, स्वच्छतागृहातलं काम बघा. मळमळलं तर तेही कळू दे. मला पहिल्या आठवड्यात दोनदा झालं होतं आणि मग कधीच नाही.

३. कागदपत्रांची फाइल करून ठेवा

– आधार, पॅन, बँकेचं पासबुक, चार-सहा फोटो
– दहावी-बारावीची गुणपत्रकं आणि शाळा सोडल्याचा दाखला
– पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र
– डॉक्टरांचं शारीरिक तंदुरुस्तीचं पत्र
– धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी या लसी घेतल्याची नोंद
– दोन ओळखदार, नातेवाईक नसलेले, ज्यांना फोन केला तर ते उचलतील
– असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड, घरी जाऊन काम करणार असाल तर
– लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र

शेवटच्या ओळीवर बोट ठेवून सांगते. आधारवर सासरचं नाव, गुणपत्रकावर माहेरचं, अशा फायली प्रवेशाच्या वेळी परत येतात. माझी स्वतःची आली होती, आणि राजपत्र होईपर्यंत प्रवेशाची मुदत गेली. वर्ष वाया.

पडताळणीतही एक खोच आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही २०१८ पासून दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत, आणि ग्रामीण पोलीस तिसरे. वाकड-हिंजवडीला राहणाऱ्यांनी पुणे शहराकडे अर्ज केला तर फेरा पडतो. तुमचं पोलीस ठाणं कुणाच्या हद्दीत येतं ते आधी बघा.

मूळ गुणपत्रक कुणालाही ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत पिशवीत.

४. शिक्षण: इथे सर्वात जास्त फसवणूक होते

दिव्यांग पुनर्वसनातली बरीच शिक्षणं भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत येतात. ही परिषद १९९२ च्या कायद्यानं झाली. विशेष शिक्षक, श्रवण व वाचा तज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, कृत्रिम अवयव बनवणारे, यांना तिथे नोंदणी करावी लागते आणि नोंदणी क्रमांक मिळतो. नोंदणीशिवाय असा व्यवसाय करणं त्या कायद्याच्या कलम १३ खाली गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे पेठेतल्या एखाद्या क्लासनं "तीन महिन्यांत स्पेशल एज्युकेटर, सरकारमान्य" असा फ्लेक्स लावला असेल तर तो क्लास कदाचित छानही शिकवत असेल, पण त्या कागदावर तुम्ही विशेष शिक्षक होत नाही. माझ्या एका मैत्रिणीनं अशा ठिकाणी मंगळसूत्र गहाण ठेवून फी भरली. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का होता, नोंदणी क्रमांक मिळाला नाही.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासा. संस्थेचं नाव परिषदेच्या राज्यवार यादीत आहे का. तुम्हाला हवा तोच अभ्यासक्रम त्या नावापुढे आहे का, कारण मान्यता संस्थेला सरसकट नसते, एकेका अभ्यासक्रमाला असते. आणि ती मान्यता तुमच्या प्रवेशाच्या वर्षापर्यंत आहे का. तिसरी गोष्ट लोक विसरतात.

नेहमीचे पर्याय असे. विशेष शिक्षणाची पदविका म्हणजे डी.एड., बारावीनंतर दोन वर्षं. ती बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष अशा शाखांतून घ्यावी लागते. पदवीनंतर विशेष बी.एड., तेही दोन वर्षं. सहा महिन्यांचा समुदाय आधारित समावेशक विकासाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम परिषदेनं मेलबर्न विद्यापीठाबरोबर तयार केला आणि २०२१ मध्ये सुरू केला. तो केलेल्यांना "दिव्यांग मित्र" म्हणतात. वस्त्यांमध्ये, गावांमध्ये फिरून काम करायचं असेल तर तो बघा. भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाषाची पदविका दोन वर्षांची आहे.

घरगुती काळजीचं काम करायचं असेल तर कौशल्य विकास योजनेतले होम हेल्थ एड किंवा जनरल ड्यूटी असिस्टंट हे अभ्यासक्रम उपयोगी पडतात. ते हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचे आहेत, पुनर्वास परिषदेचे नाहीत. दोन्हींची गल्लत करू नका. ते केल्यावर तुम्ही उत्तम काळजीवाहक होता, शिक्षक किंवा थेरपिस्ट नाही. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीचं सगळंच निराळं, त्यांची राज्याची परिषद वेगळी आहे.

५. ब्युरो, घर की संस्था?

नवख्या माणसाला पहिलं काम बहुतेकदा ब्युरोतून मिळतं. ब्युरो म्हणजे मदतनीस पुरवणारी एजन्सी. वाईटच असतात असं नाही. रात्री-अपरात्री काही झालं तर फोन करायला कुणीतरी असतं, सुट्टीला बदली माणूस मिळतो. पण कामाच्या घरचे ब्युरोला देतात ते आणि तुमच्या हातात पडतं ते, यातला फरक पहिल्याच दिवशी विचारून घ्या. अनामत रक्कम मागितली तर ती कधी, कशी परत मिळणार ते लिहून घ्या. मी लिहून घेतलं नव्हतं. ती रक्कम अजून यायची आहे.

संस्थेत पगार सुरुवातीला कमी वाटतो, पण शिकायला मिळतं आणि सोबत असते. तिथे भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आहे का हे विचारायला लाजू नका. "आम्ही इथे सेवाभावानं काम करतो" असं उत्तर आलं तर हसून पुन्हा विचारा.

घराशी थेट ठरवत असाल तर एका कागदावर दोघांच्या सह्या हव्यात. त्यात हे असू दे: कामाचे तास, जेवण-चहा कुणाचा, आठवड्याची सुट्टी, जादा तासांचे पैसे, पगाराची तारीख, आणि काम नेमकं कोणाचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. तुम्ही दादांना सांभाळायला गेलेल्या असता, मग "जाता जाता भांडी" होतात, मग पाहुणे आले की पोळ्या होतात, आणि तिकडे दादा तीन तास एकाच कुशीवर पडून असतात. मी सरळ म्हणते, त्यांचं ताट मी घासीन, घरची भांडी नाही. पहिल्या दिवशी म्हटलं तर कुणी रागवत नाही. महिन्यानं म्हटलं तर रागावतात.

चोवीस तासांची ड्यूटी घेतलीत तर रात्रीची सलग झोप किती, हेही लिहा. झोप न झालेल्या माणसानं कुणाला उचलायला जाऊ नये.

६. पहिला दिवस

घरात शिरल्यावर आई-वडील सांगायला सुरुवात करतील: "त्याला हे आवडत नाही, तो असं करतो, त्याला कळत नाही." ऐका, पण खुर्ची त्या व्यक्तीसमोर ओढून बसा आणि पहिला नमस्कार तिला करा. चाळिशीच्या माणसाला "बाळा" म्हणू नका, घरचे म्हणत असले तरी. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नसतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका बाईंसमोर मी वर्षभर फोनवर माझ्या सासूबद्दल बोलत होते. त्यांना अक्षरांचा फलक मिळाल्यावर त्यांनी माझ्याबद्दल लिहिलेलं पहिलं वाक्य सासूबाईंच्या बाजूचं होतं.

एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या आठवड्यात ही माहिती तिच्यात उतरवा: औषधं आणि वेळा, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा आणि शेजाऱ्यांचा फोन, फिट येतात का, गिळायला त्रास आहे का, हो आणि नाही कसं सांगतात, दुखलं तर कसं कळतं, कशाची भीती वाटते. रोज रात्री चार ओळी: काय खाल्लं, लघवी-शौच, झोप, काही वेगळं. ही वही पुढे कधी डॉक्टरांना उपयोगी पडते, आणि कधी तुमच्यावर आळ आला तर तुम्हाला.

७. हाताची कामं, जी चुकली तर महागात पडतात

ही वाचून येत नाहीत. फिजिओथेरपिस्ट किंवा परिचारिकेसमोर करून दाखवा, त्या "बरोबर" म्हणेपर्यंत. तरी निदान काय विचारायचं ते कळावं म्हणून लिहिते.

पलंगावरून व्हीलचेअरवर घेणं. आधी चेअरचे दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. अर्धांगवायू असेल तर चेअर धडधाकट बाजूला ठेवा. तुमचे पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. काखेत हात घालून ओढायचं नाही. लुळ्या बाजूचा खांदा तर असा ओढला की निखळतो. कमरेच्या पट्ट्याला धरायचं. आणि "एक, दोन, तीन" मोजायचं ते त्या व्यक्तीनं मोजायचं, तुम्ही नाही. ती तयार आहे की नाही हे तिलाच माहीत असतं. जड माणूस असेल तर एकट्यानं करू नका, वॉचमनदादांना हाक मारा.

बेडसोअर, म्हणजे एकाच जागी भार पडून होणारी जखम. झोपून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. चेअरवर बसलेल्यानं दर पंधरा ते तीस मिनिटांनी बुडाखालचा भार हलवायचा. अंघोळीच्या वेळी माकडहाड, खुबे, टाचा, घोटे बघायचे. लालसर ठिकाणी बोट दाबून सोडलं आणि लाली गेली नाही, तर त्या जागेवर पुन्हा भार नको आणि डॉक्टरांना फोन. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे जास्त काळपट, गरम किंवा टणक लागतंय का ते हातानं बघायचं. चोळू नका. "तेल लावून जरा मालिश कर" असं घरातल्या मोठ्या बाई नक्की सांगतील, त्या जागेवर तरी करू नका.

भरवणं. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकून पाणी ओतणं म्हणजे ठसका, आणि पाणी फुप्फुसात. छोटा चमचा, आधीचा घास गिळला हे बघून पुढचा. तुम्ही उभं राहून भरवू नका, समोर बसा. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. ठसका वारंवार लागत असेल तर ते स्पीच थेरपिस्टचं काम आहे, तुमचं नाही. नळीतून अन्न देणं परिचारिकेनं शिकवल्याशिवाय अजिबात नाही.

फिट. घड्याळ बघा. डोक्याखाली काहीतरी मऊ, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला, आणि कुशीवर वळवा. तोंडात चमचा, रुमाल, बोट, काही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा, चप्पल, हातात किल्ल्यांचा जुडगा, हे सगळं घरातले आणतील. प्रेमानं बाजूला ठेवा. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एकामागून एक येत राहिल्या, तर १०८.

मणक्याची इजा. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि सांगायला हवी होती. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असलेल्या माणसाला अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, घाम फुटणं असं झालं तर रक्तदाब भयंकर वाढलेला असू शकतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. कारण बहुधा क्षुल्लक असतं: लघवीच्या नळीला पीळ, पिशवी भरलेली, पोट साफ नाही, घट्ट पट्टा. झोपवू नका, ताठ बसवा, कपडे सैल करा, नळी बघा. आराम पडला नाही तर लगेच रुग्णालय. माझ्या कोथरूडच्या मुलाला हे झालं तेव्हा मी त्याला आडवं करून पंखा लावला होता. त्यानंच ओरडून सांगितलं, "बसव, नळी बघ!" नळी चेअरच्या चाकाखाली दबली होती.

अंध व्यक्तीचा हात धरून ओढू नका. त्यांना तुमचं कोपर धरू द्या, तुम्ही अर्धं पाऊल पुढे. "इकडे या" नाही, "तुमच्या उजवीकडे दोन पायऱ्या वर" असं. कर्णबधिर व्यक्तीशी बोलताना तोंड तिच्याकडे आणि हात तोंडावरून बाजूला. मोठ्यानं ओरडून काही होत नाही.

बाहेर नेताना मेट्रो सर्वात सोपी, स्थानकांवर लिफ्ट असतात. खरी अडचण घर ते स्थानक या पट्ट्यात येते. सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीतून उतरवताना लागलेला वेळ धरून डॉक्टरांची वेळ घ्या.

८. स्पर्श, पैसे आणि फोन

अंघोळ घालताना आधी सांगा, मग हात लावा. "आता पाठ धुते." दार लावा, टॉवेल झाकून ठेवा, जेवढं स्वतः धुता येतं तेवढं त्यांना धुऊ द्या. शक्य तिथे बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष मदतनीस.

त्यांचं एटीएम कार्ड, पिन, सही-अंगठा यात पडू नका. बाजारहाट केला तर पावती वहीत चिकटवा. उसने पैसे घेऊ नका, देऊ नका.

फोटो आणि रील नाही. घरच्यांनी "काढा हो" म्हटलं तरी नाही. पायात बूट घालून देतानाचा तुमचा व्हिडिओ हजार लोकांना हळवा करेल, पण तो पाय तुमचा नाही.

अंगावर वळ दिसले, कुणी जवळ आलं की मूल आक्रसतं असं दिसलं, तर गप्प बसायचं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या लैंगिक छळाची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा पॉक्सो कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन. मोठ्या माणसांच्या बाबतीत २०१६ च्या अधिनियमाचं कलम ७ सांगतं की छळाची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतं. कुणीही, म्हणजे तुम्हीसुद्धा.

९. घरचे तुम्हालाच विचारतील अशा चार गोष्टी

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र: अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. पुण्यात ससून आणि औंधचं जिल्हा रुग्णालय. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगता लागते. "करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ देऊ नका.

निरामय: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना, वर्षाला एक लाखापर्यंत.

पालकत्व: वरच्या चार प्रकारांत मूल अठराचं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. बँकेत खातं अडकल्यावर बहुतेकांना हे कळतं.

तक्रार: राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. मुंबईला जायची गरज नाही.

१०. तुमची पाठ

या कामात तुमची कंबर हेच भांडवल. आधीच सांगितलं तसं उचललंत तर टिकते. चाळिशीनंतर नुसतं उचलण्याचं काम करत राहणं कठीण आहे, म्हणून पहिल्या तीन-चार वर्षांत पुढचं शिक्षण ठरवा. डी.एड. झाल्यावर माझ्या कामाचे तास ठरलेले झाले आणि रविवार मिळाला. नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी कार्यशाळांना हजेरी लावून गुण जमवावे लागतात. प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून एका फायलीत ठेवा, नाहीतर मुदत संपायच्या महिन्यात धावपळ होते.

मनाचंही तसंच. महिन्यातून एकदा याच कामातल्या दोघी-तिघींनी भेटायचं, चहा प्यायचा, मनसोक्त कुरकुर करायची. त्या व्यक्तीचं नाव न घेता. आमचा तिघींचा हा नेम सात वर्षं चालू आहे.

११. काम सोडताना

सोडावं लागतंच. लग्न होतं, घर बदलतं, चांगली नोकरी मिळते. एक महिना आधी सांगा, आणि घरच्यांना सांगण्याच्या दिवशीच त्या व्यक्तीलाही सांगा. "त्याला कळणार नाही, उगाच कशाला" असं म्हणतील. स्वमग्न मुलासाठी तर कॅलेंडरवर फुली मारत मारत दिवस दाखवा.

नवीन मदतनीस आली की निदान चार दिवस दोघींनी मिळून काम करा. वही तिच्या हातात द्या. औषधांच्या वेळा ती कुठूनही मिळवेल. तिला हे सांगा की चहा बशीत ओतून दिला तर ते स्वतः पितात, आणि सकाळी डावी बाही आधी घातली तर शर्ट घालायला तुमची गरज लागत नाही.